आबांच्या आवाजात

पुण्यानुमोदनाला माणसं जमायला लागली तेव्हा बुद्धभूषण भिंतीकडं तोंड करून बसला होता आणि आक्काताई त्याच्या सदऱ्याची बटणं लावत होती.

तीस वर्षांचा बाप्या तो. बुद्धीनं लहान राहिला होता, बोलणं आलं नव्हतं, पण बटणं त्याला लावता येत होती. दीड वर्ष सांगलीच्या कार्यशाळेत राहून तो रोज स्वतःची स्वतः लावत होता. बाप राजाराम गेला आणि भूषणला साताऱ्याला आणलं, तेव्हापासून गेले सव्वीस दिवस आक्काताईनं लेकाला हातचा सोडला नव्हता. आंघोळ ती घालायची, घास ती भरवायची. त्यानं वाटीला हात लावला की "ऱ्हाऊ दे रं सोन्या, सांडशील" म्हणून वाटी काढून घ्यायची. शेवटी सोन्यानं वाटीला हात लावणंच सोडलं. आता तो दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचा. ह्याला माया म्हणायची असेल तर खुशाल म्हणा. गोडोलीतली ती अख्खी गल्ली तसंच म्हणत होती.

राजारामच्या फोटोला हार घातला. मेणबत्त्या लागल्या. त्रिशरण, पंचशील झालं. मग आदरांजलीची भाषणं सुरू झाली. कोयनानगरहून आलेला एक म्हातारा सोबती म्हणाला, "वीजघरात टेलिफोनवर राजाराम असला की आम्ही निर्धास्त. वरचा साहेब काय म्हणतोय ते कळायचं नाही, पण राजारामाचं कळायचं. असा आवाज पुन्हा होणे नाही." माणसं माना डोलवत होती. त्या आवाजानं कोयनेच्या कॉलनीत तीस वर्षं वंदना म्हटली होती, आणि घरात सगळे हुकूमही त्याच आवाजात सुटले होते. हे दुसरं मात्र भाषणात कुणी काढलं नाही.

मग घरच्यांची पाळी. ह्या घरची रीत अशी, की गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर रक्ताच्या प्रत्येकानं उभं राहून दोन शब्द बोलायचे. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, कुणाला सुटका नाही. राजारामनंच घातलेली रीत ती. थोरला महेंद्र बोलला, सांगलीला सरकारी कचेरीत असतो त्यामुळं जरा कागदी बोलला. कऱ्हाडला शिक्षिका असलेली नीलिमा दोन वाक्यांतच रडली. नंतर महेंद्रनं आपल्या मुलीकडं, प्रियंकाकडं पाहून मान हलवली. ती उठली नाही.

"मधे भूषणकाका राहिला," ती म्हणाली.

"प्रियंका, बोलून घे. माणसं खोळंबलीत."

"पाळी त्याची आहे, बाबा."

आक्काताई उठून फोटोपुढं गेली. "त्याच्या वतीनं मी बोलती," म्हणाली. "आजवर मीच बोलत आलीया." तिनं हात जोडले. "भूषण म्हणतोय, आबा, तुमी गेलासा. आता मी आईला सोडून कुठं जाणार न्हाई. सांगलीला न्हाई आन् कुठंच न्हाई. शेवटपतूर आईपाशीच ऱ्हानार हाय."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कुणीतरी "साधू, साधू" म्हणालं. भूषण भिंतीकडून वळला. त्यानं आईकडं पाहिलं, घशातून एक घोगरा आवाज काढला आणि उठून सरळ आतल्या खोलीत गेला. बापाच्या आठवणीनं गलबलला पोरगा, असं लोक म्हणाले. प्रियंकाला तसं वाटलं नाही. तिनं पाहिलं होतं, तो चिडला होता.

*

एकवीस वर्षांच्या प्रियंकानं बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि त्याच कार्यशाळेत ती शिकवायला लागली होती. मोठी मतिमंद माणसं तिथं मेणबत्त्या करायची, पाकिटं चिकटवायची, आणि वरच्या मजल्यावर राहायची. कुणा दात्यानं दिलेला एक कॉम्प्युटर होता. भूषणला माऊस धरता येईना, तेव्हा तिनं कीबोर्डच्या बारा बटणांवर चित्रं चिकटवली. चहा, दूध, भूक, दुखतंय, होय, नाही, आई, घर, सांगली अशी. बटण दाबलं की स्पीकरमधून आवाज यायचा. भूषणनं दाबायचं, कॉम्प्युटरनं बोलायचं. पहिल्यांदा त्यानं 'दूध' दाबलं आणि खरंच त्याच्यापुढं दूध आलं, त्या दिवशी त्यानं पाच कप दूध मागवलं. पिण्यासाठी नव्हे. मागितलं की मिळतं, हे तो तपासून बघत होता.

तो कॉम्प्युटर तिनं दोन दिवसांसाठी मागून जीपमधून साताऱ्याला आणला होता. सोमवारी परत न्यायचा, आणि सोबत पालकांच्या सहीचं पत्रही न्यायचं. पत्र नाही आलं तर भूषणची जागा दुसऱ्याला. यादीत बावीस जण थांबले होते.

पालक आता आक्काताई होती. तिला सही येत होती, आणि ती करणार नव्हती. इतकं सगळं सरळ होतं.

*

चारच्या सुमाराला शेवटचे पाहुणे जेवून गेले. घरात पाचच जण उरले. सतरंज्या झटकता झटकता महेंद्रनं विषय काढला.

"आईनं सगळ्यांपुढं सांगितलं ते बरं झालं. विषय संपला."

"संपला काय, बाबा? त्याला विचारलं कुणी?"

"विचारून काय सांगणार आहे तो?" महेंद्र म्हणाला. "आई एकटी आहे. भूषण इथं राहिला तर तिलाबी सोबत. निलू, तुला काय वाटतं?"

नीलिमाला काय वाटत होतं ते तिलाच लाज वाटावी असं होतं. भूषण सांगलीला गेला तर आई कऱ्हाडला येणार, दोन खोल्यांत, सासूच्या शेजारी. "आईला एकटं वाटायला नको," ती म्हणाली. "राहू दे त्याला इथंच."

महेंद्रचं त्याहून वाईट होतं. सांगलीच्या विश्रामबागेत त्याचं घर कार्यशाळेपासून दोन गल्ल्या पलीकडं. दीड वर्षात तो एकदाही तिथं गेला नव्हता. कचेरीत त्यानं सांगून ठेवलं होतं, आम्ही दोघंच भावंडं, मी आणि बहीण. आबा दर महिन्याला साताऱ्याहून भूषणला भेटायला यायचे तेव्हा जेवायला ह्याच्याकडं उतरायचे, पण तोंडातून कधी शब्द काढला नाही की तुझा भाऊ इथं पलीकडं आहे. तेवढी एकच गोष्ट आबांनी त्याला हुकूम म्हणून सांगितली नव्हती, आणि तीच त्याला आता रात्रंदिवस टोचत होती.

"बघ, समदी एका मताची हायत," आक्काताई प्रियंकाला म्हणाली. "तूच येकटी कशापायी भांडतीस गं? तीस वर्सं मी त्येचं केलं. त्येच्या पोटात दुकलं तर मला आदी कळतं. कोयनेच्या भूकंपाच्या सालचा हाय त्यो. चार दिसांचं पोर छातीशी धरून मी उघड्यावर पडली हुती, हादरं बसत हुते तवा. तवापासनं येक दिस न्हाई इसावा घेतला. तुज्या आबांनी दीड वर्सामागं माज्या हातनं काडून न्हेला, तर मी तोंडात पानी न्हाई घातलं दोन दिस. आता कुनी न्हेनारा न्हाई. संपलं."

नेमक्या त्याच वेळी आतल्या खोलीतून राजाराम बोलला.

"मला सांगलीला जायचे आहे."

आक्काताईचा हात आपोआप डोक्यावर गेला आणि तिनं पदर घेतला. महेंद्र बसला होता तो ताडकन उठून सरळ उभा राहिला. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, शाळेतल्या पोरासारखा.

"मला सांगलीला जायचे आहे," आबांचा आवाज पुन्हा म्हणाला, तसाच स्वच्छ, टेलिफोनवरचा.

"आगं आई गं," नीलिमा पुटपुटली.

प्रियंका खाली मान घालून म्हणाली, "सांगायचं राहिलं. म्हणजे मला सांगवलं नाही. तो कुणाच्याच आवाजाकडं लक्ष देईना. माझ्या, सरांच्या, कुणाच्याच. फक्त आबांचा आवाज आला की मान वर करायचा. म्हणून आबांनी दोन दिवस बसून सगळे शब्द भरले. मी म्हटलं, आबा, घरच्यासारखं बोला. तर म्हणाले, माइकपुढं अशुद्ध बोलायचं नसतं."

आतल्या खोलीत भूषण कीबोर्डपुढं बसला होता. प्रियंकानं दुपारी मशीन चालू करून ठेवलं होतं. सगळे दारात गोळा झालेले पाहून तो हसला नाही की घाबरला नाही. त्यानं बोट ठेवलं आणि तिसऱ्यांदा दाबलं.

"बंद कर ते!" महेंद्र ओरडला. मग त्याचा आवाजच फुटला. तो दाराच्या चौकटीला टेकून रडायला लागला. स्मशानात कोरडा राहिलेला माणूस. "आबा बोलतायत गं ते. आबाच बोलतायत."

"व्हय," आक्काताई म्हणाली, आणि तिच्या तोंडावर एकाएकी राग चढला. "त्योच बोलतोय. जित्तेपनी माजं येक ऐकलं न्हाई. लेकीचं लगीन ठरवलं मला न इचारता, घर बांदलं मला न इचारता, पोरगं न्हेलं मला न इचारता. आन् आता मातीत गेला तरी खोक्यातनं हुकूम सोडतोय! ह्यो भूषणचा बोल न्हवं. ह्यो त्येच्या बाचा बोल हाय. मी न्हाई ऐकनार."

खरं सांगायचं तर तिच्या बोलण्यात खोट नव्हती. आपण केलेली ही केवढी चूक, हे प्रियंकाला आत्ता कळत होतं. आयुष्यभर ज्याच्या वतीनं आई बोलली, त्याला आवाज द्यायचा तर दिला कुणाचा? बापाचा!

"आबांनी शिकवलंय त्याला," महेंद्र नाक पुसत म्हणाला. "पोपट आहे तो. कुठलं बटण दाबलं की काय होतं, जागा पाठ झाल्यात त्याला."

आता नीलिमा पुढं झाली. वीस वर्षं तिनं पहिलीचे वर्ग सांभाळले होते. "जागा पाठ आहेत की अर्थ कळतोय, हे बघता येतं," ती म्हणाली. "वर्गात मी तक्त्यावरची चित्रं हलवते. ज्याला पाठ असतं तो चुकतो. प्रियंका, घराचं चित्र सांगलीच्या जागी लाव, सांगलीचं घराच्या जागी. आणि आवाज आबांचा नको. दुसरा भर."

"कुणाचा?"

"आईचा."

नीलिमाला मनातून वाटत होतं, भूषण चुकणार. चुकला की सगळ्यांची सुटका, आणि कुणालाच वाईटपणा नाही. मतलब तिचा होता, पण रीत तिनं चोख सांगितली होती.

आक्काताई तयार झाली. का नाही होणार? लेक आपला आवाज ओळखतो ह्याची तिला खात्री होती. प्रियंकानं चित्रं अलगद सोडवून उलटसुलट लावली आणि माइक आजीच्या हातात दिला. "आज्जी, लाल ठिपका दिसला की बोला. आधी घराच्या चित्राचं, मग सांगलीचं."

आक्काताईनं माइक तोंडाशी धरला आणि दणदणीत म्हणाली, "मला आईपाशी ऱ्हायाचं हाय."

"आता दुसरं."

लाल ठिपका लागला. आक्काताईचे ओठ हलले. "मला सां..." तिला खोकला आला. दुसऱ्यांदा इतकं हळू म्हणाली की स्पीकरला काही ऐकू गेलं नाही.

"आज्जी, नीट म्हणा. एक वाक्य मोठ्यानं आणि एक तोंडातल्या तोंडात, असं केलं तर ती लबाडी झाली."

लबाडी शब्दानं म्हातारी ताठ झाली. "मी जल्मात कवा लबाडी केली न्हाई," ती म्हणाली. "लाव तुजा ठिपका." आणि डोळे मिटून, पहिल्याइतक्याच मोठ्या आवाजात तिनं म्हटलं, "मला सांगलीला ऱ्हायाचं हाय."

*

भूषण सगळं बघत होता. चित्रं काढलेली, लावलेली. आईनं काठी तोंडाशी धरलेली. त्याला काय काय कळलं हे कोण सांगणार? पण प्रियंकानं खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाली, "भूषणकाका, कुठं राहायचं?" तसे त्याचे हात मांडीखालून बाहेर आले.

बोट सांगलीच्या नेहमीच्या जागी गेलं आणि त्यानं दाबलं.

"मला आईपाशी ऱ्हायाचं हाय," आक्काताईचा आवाज म्हणाला.

"झालं!" महेंद्र म्हणाला. नीलिमानं सुस्कारा सोडला. आक्काताई खाली बसली आणि भूषणच्या गुडघ्याला मिठी मारून म्हणायला लागली, "माजं सोनं गं, माजं लेकरू, सांगत हुते की न्हाई..."

भूषणनं तिचे हात गुडघ्यावरून सोडवले. ढकलले नाहीत, एकेक करून सोडवले. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. काहीतरी बिघडलंय, हवं ते आलं नाही, हे त्याला कळलं होतं. त्यानं कीबोर्डवर वाकून एकेका चित्रावर बोट ठेवत नेलं. चहा. दूध. भूक. दुखतंय. आई. तिथं बोट थोडं थांबलं, तेव्हा आक्काताईनं मान वर केली. मग बोट पुढं गेलं. कार्यशाळेच्या पत्र्याच्या छपराचं चित्र त्याला सापडलं, आणि त्यानं दाबलं.

"मला सांगलीला ऱ्हायाचं हाय."

त्याची आठी गेली. त्यानं पुन्हा दाबलं. आईच्याच तोंडचं, आईच्याच बोलीतलं वाक्य खोलीत पुन्हा ऐकू आलं, आणि भूषण मान डोलवून डोलवून आईकडं पाहू लागला. बघ, हे म्हणत होतो मी.

पहिल्यांदा नीलिमाच बोलली. "दादा, हा पोपट नव्हे. पहिलीतली निम्मी पोरं हे करत नाहीत." आणि मग जरा धीर करून, "आई, तू कऱ्हाडला चल माझ्याकडं. जागा करू आपण."

महेंद्र जमिनीकडं बघत म्हणाला, "तिथं... तिथं त्याला कोण आहे गं, प्रियंका?"

"केरबा आहे. शेजारच्या खाटेवरचा. भूषणकाकाच्या आधी उठतो आणि ह्याची चप्पल दाराशी आणून ठेवतो. आणि सकाळी प्रत्येकाला विचारतात बाबा, चहा की दूध. रोज विचारतात. तेवढंच आहे तिथं, दुसरं काय असणार?" तिला हुंदका आला. "तुम्ही दोन गल्ल्यांवर आहात. कधीतरी या ना."

"येतो," महेंद्र म्हणाला. "पुढच्या रविवारी येतो."

आक्काताई अजून खालीच बसली होती. तीस वर्षांत तिनं लेकाला कधी प्रश्न विचारला नव्हता. विचारायची गरजच काय, त्याच्या पोटातलं तिला कळायचं. भूक लागली असेल, थंडी वाजत असेल, झोप आली असेल. सगळं तिनं ओळखलं होतं, आणि बहुतेक वेळा बरोबरच ओळखलं होतं. फक्त हे एवढं ओळखता आलं नाही. का, ह्याचा विचार करायला तिला भीती वाटत होती. आणि त्याहून वाईट म्हणजे तिला लाज वाटत होती. सकाळी भर सभेत, नवऱ्याच्या फोटोपुढं हात जोडून, ती लेकाच्या नावानं खोटं बोलली होती.

"आन ते पत्र," ती म्हणाली.

प्रियंकानं पत्र आणलं. आक्काताईनं ते मांडीवर घेतलं. आधी सही केली, एकेक अक्षर जपून, आणि कागद परत दिला. महेंद्र मशीन बंद करायला वाकला.

"थांब, बंद करू नगंस," ती म्हणाली. "मला त्येला येक इचारायचं हाय."

ती उठून भूषणच्या खुर्चीशी आली आणि त्याच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "भूषण. माज्यावर रागं भरून चाललास व्हय रं?"

भूषणनं तिच्याकडं पाहिलं. मग कीबोर्डकडं पाहिलं. ह्या प्रश्नाला चित्र नव्हतं. प्रियंका मदतीला पुढं झाली तशी आक्काताईनं तिला हातानं मागं सारलं. बोट फिरायला लागलं, चहावरून, दुधावरून, सांगलीवरून. आक्काताई काही सुचवत नव्हती, ओठसुद्धा हलवत नव्हती. ती वाट बघत होती. बोट एका बटणावर आलं, थांबलं, आणि त्यानं दाबलं.

"नाही," राजारामचा आवाज म्हणाला.

आक्काताईनं ह्या वेळी पदर घेतला नाही. ती लेकाच्याच तोंडाकडं बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं, ते तिनं पुसलं नाही.

"खरं सांग. रागं न्हाईस?"

भूषणनं पुन्हा तेच बटण दाबलं.

तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.